बेचाळीस रात्री, पुन्हा एकदा

मंडळी, नमस्कार.

लहानपणीच्या आवडत्या पुस्तकावर बोला म्हणालात, तेव्हा मला दुसरं नाव सुचलंच नाही. ‘श्यामची आई’. गेल्या हिवाळ्यात ते मी पन्नासेक वर्षांनी पुन्हा सलग वाचलं, पहिल्या रात्रीपासून बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत.

प्रत तीच, शाळकरी वयातली. शिवण उसवलेली. हातात घेतली की पोहण्याच्या गोष्टीपाशीच उघडते, तिथल्या पानांच्या कडा काळवंडल्यात. पोहायच्या भीतीनं लपून बसलेला श्याम आणि त्याला हुडकून झोडपणारी आई. तेव्हा मला ती फार थोर वाटायची. आता दोन मुलं वाढवल्यावर तो मार मला पटत नाही, हे मोकळेपणानं सांगते. कळ्या खुडणाऱ्या श्यामला, फुलं झाडावर उमलू द्यावीत, हे समजावणारी आई मात्र अजून तितकीच जवळची वाटते.

कर्जाची, घरावर आलेल्या जप्तीची पानं मात्र कोरी करकरीत. म्हणजे तेव्हा मी ती नुसतीच उलटली असणार. या वेळी सगळ्यात जास्त तिथेच रेंगाळले. चार लोकांत अब्रू जाणं म्हणजे काय, हे दहाव्या वर्षी कुठून कळणार?

आणखी एक. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. वय अवघं ३३. त्यांची आई १९१७ सालीच गेली होती. आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगणारा श्याम हा आईवेगळा, मोठा झालेला माणूस आहे, हे पुस्तकात पहिल्यापासून आहे. मला दिसायचा तो फक्त लहान श्याम.

श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. लहानपणी मी रडायचे ती आई गेली म्हणून. या वेळी रडू आलं ते त्याला पोचायला उशीर झाला म्हणून. इथल्या पुष्कळांना हे सांगायला नको. माझी आई गेली तेव्हा मी विमानात होते. उतरून फोन सुरू केला, तर भावाचा एका ओळीचा निरोप.

ती शेवटची पानं मी या वेळी मोठ्यानं वाचली, आई मला वाचून दाखवायची तशी. घरात ऐकायला कुणी नव्हतं.