ई-टाइप की नाइन-इलेव्हन?

मंडळी, कागदावर बघाल तर ही लढत लागायलाच नको. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली जॅग्वार ई-टाइप म्हणजे ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, कंपनीच्या दाव्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती आणि ताशी दीडशे मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. पोर्शे ९११ पहिल्यांदा फ्रँकफर्टला दिसली ती १९६३ मध्ये. दोन लिटर, १३० अश्वशक्ती, २१० किलोमीटर. ताकद निम्मी! दीडशे मैलांचा आकडा जसाच्या तसा धरू नका म्हणा, पण सरळ रस्त्यावर जॅग्वारच पुढे, यात वाद नाही.

वाद सुरू होतो तो गाडी रोज वापरायची म्हटल्यावर. जॅग्वारच्या ३.८ लिटरच्या गाडीत पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग जुळवून घेणारी सोय, नव्हती. सिग्नलला गाडी पुरती थांबायच्या आत पहिला टाकायला गेलात की करकर ठरलेली. १९६४ च्या ४.२ लिटरच्या ई-टाइपमध्ये ते सुधारलं, सीटही बऱ्या झाल्या. मागच्या ब्रेकचं मात्र तसंच राहिलं. त्याच्या डिस्क चाकांपाशी नाहीत, आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला, लागून आहेत. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन त्यामुळे घटतं आणि खराब रस्त्यावरही चाक जमीन सोडत नाही. कल्पना झकासच. फक्त डिस्क बदलायची वेळ आली की मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवायचा. मेकॅनिकचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

पोर्शेचं इंजिन हवेवर थंड होतं. रेडिएटर नाही, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये पाणी उकळायची धास्तीही नाही. मागे मुलांपुरत्या दोन सीट, त्यांच्या पाठी पाडल्या की सामानाला जागा, शिवाय पुढे डिकी. तेल बघायची तऱ्हा मात्र न्यारी. ते वेगळ्या टाकीत असतं, म्हणून इंजिन गरम हवं, चालू हवं आणि गाडी सपाटीवर हवी. बंद इंजिनावर डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून तेल कमी दिसलं की नवखा माणूस घाबरतो आणि उगाच जास्तीचं तेल ओततो.

आणि पोर्शेची खरी खोड वळणावर कळते. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. वळणात भीतीनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात की भार पुढे जातो, मागच्या टायरची पकड सुटते आणि शेपूट फिरतं. कंपनीनं आधी पुढच्या बंपरमध्ये चक्क बिडाची वजनं बसवून पाहिली! खरा इलाज १९६९ च्या मॉडेलमध्ये झाला. मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक बॅटरी ठेवली.

माझं मत विचाराल तर सोमवार ते शनिवार हीच ९११. जॅग्वार घ्यायचीच तर ४.२ ची दोन सीटची कूपे, म्हणजे पक्क्या छताची गाडी, घ्या. १९६६ मध्ये मागे सीट बसवण्यासाठी जॅग्वारनंही गाडी लांबवली, तब्बल नऊ इंचांनी. छत उंच करावं लागलं, आणि ज्या रेषेसाठी लोक ही गाडी घेत होते तीच गेली.