पातळी जुळली, खारेपणाचं काय?

मंडळी, नदीमुखाच्या संगणकीय मॉडेलचा अहवाल आला की बहुतेक जण आधी पाण्याच्या पातळीचा आलेख उघडतात. मोजलेली रेघ काळी, मॉडेलची लाल, आणि दोन्ही एकमेकींवर अशा बसलेल्या की वेगळ्या ओळखू येऊ नयेत. मग माना डोलतात. माझं म्हणणं एवढंच, की त्या आलेखावर फार भाळू नका. समुद्राच्या बाजूची भरती मॉडेलला आपणच पुरवलेली असते. ती लाट आत शिरते, तळाच्या घर्षणाने मंदावते, अरुंद पात्रात थोडी फुगते. त्याची समीकरणं फ्रेंच अभियंते सेंट व्हेनंट यांनी १८७१ सालीच मांडून ठेवली आहेत. मॉडेलचा कस लागतो तो खारेपणात.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे गोड्या पाण्याचा घनमीटर १,००० किलोचा, तर समुद्राचा साधारण १,०२५ किलोचा. फरक अवघा अडीच टक्के. पण तेवढ्यावर खारं पाणी तळाने आत घुसतं आणि गोडं वरून बाहेर पडतं. सागरशास्त्रज्ञ डोनाल्ड प्रिचर्ड यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या जेम्स नदीतल्या मोजमापांवरून हे दुहेरी वहन दाखवून दिलं. भरती-ओहोटीच्या प्रवाहापुढे ते किरकोळच. मात्र भरतीचं पाणी आलं तसं परत जातं, आणि हे वहन दोन्ही थरांत आपापली दिशा न बदलता रेटत राहतं. जमाखर्चात मोठ्या रकमा एकमेकींना खोडतात आणि शिल्लक ठरते ती बारक्या नोंदींवर, तसा हा प्रकार.

त्यात खोलीचा हिशेब फार बेरकी आहे. बाकी सगळं तेच धरलं, तर या वहनाचा वेग खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जहाजांसाठी १० मीटरचा मार्ग १२ मीटर केला, तर १.२चा घन १.७३, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. पातळीच्या आलेखात या दोन मीटरांची चाहूलही कदाचित लागणार नाही. म्हणून गाळ काढण्याआधीचं जुनं सर्वेक्षण घेऊन कुणी क्षारतेचं भाकीत करत असेल, तर मी तिथेच वाचन थांबवतो.

संगणकाच्या आधी हे काम काँक्रीटमध्ये चालायचं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो इथे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९५७ साली सॅन फ्रान्सिस्को उपसागराची प्रतिकृती उभारली, आडवं माप हजारास एक, उभं शंभरास एक. तिथे भरतीचा अख्खा दिवस पंधराएक मिनिटांत उरकतो. बांध घालून उपसागराचे भाग गोड्या पाण्याचे करायची जॉन रेबर यांची योजना तिथे तपासली गेली आणि बारगळली. उभं माप असं ताणलं की घर्षण कमी पडतं, म्हणून तळावर तांब्याच्या पट्ट्या रोवल्या होत्या. आज पट्ट्यांच्या जागी घर्षणाचा गुणांक आला आहे. आकडे जुळेपर्यंत खटपट करायची, ती मात्र तीच.

संगणकाने एक नवी भानगड आणली. आपण पात्राची जाळी करतो, खोलीचे थर पाडतो. १० मीटर खोल पाण्यात भरतीची लाट सेकंदाला सुमारे १० मीटर जाते. जाळीचं घर १०० मीटरचं असेल, तर साध्या पद्धतीत गणिताचं वेळेतलं प्रत्येक पाऊल दहा सेकंदांच्या आत ठेवावं लागतं. ते निभावता येतं. पण गोड्या-खाऱ्याची सीमा कधीकधी मीटरभर जाडीचीही नसते, आणि थर जाड असले की गणितच ती पुसून टाकतं. निसर्गात नसलेली ही घुसळण. थर मिसळले की दुहेरी वहन मंदावतं आणि मॉडेलमधलं खारं पाणी समुद्राच्या बाजूलाच अडतं. पातळी तरीही सुरेख जुळते!

उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरकही इथेच कळतो. उधाणाला पाणी जास्त चढतं म्हणून खारेपणाही जास्त आत जाईल, असं वाटतं. भरतीच्या एका फेरीपुरतं ते खरंही आहे. पण बऱ्याच नदीमुखांत भांगाला प्रवाह मंदावतात, घुसळण कमी होते, थर सुटे होतात आणि तळचं खारं पाणी दिवसागणिक नदीत आत सरकतं. शिवाय क्षारता आधीच्या आठवड्यांचं सगळं अंगावर बाळगून असते. मॉडेल चार दिवस चालवून क्षारतेबद्दल बोलणं म्हणजे सुरुवातीला आपणच भरलेले आकडे परत वाचणं.

मिसिसिपी नदीचा तळ न्यू ऑर्लिन्सच्याही वरपर्यंत समुद्रपातळीखाली आहे. २०२३ साली नदीचा प्रवाह आटला, खारं पाणी तळाने नदीत आत चढू लागलं आणि अभियंत्यांनी पात्राच्या तळाशी घातलेला बांध आणखी उंच केला. ऑक्टोबर अखेरीस ते शहराच्या पाणीउपशापर्यंत पोहोचेल, असा अंदाज होता. तारखा पुढे सरकत गेल्या आणि ते तिथवर आलंच नाही. अशा अंदाजात वरून किती पाणी येणार हा आकडा बाहेरूनच द्यावा लागतो. तो बदलला की उत्तर बदलतं, मॉडेल कितीही चोख असो.

तेव्हा अहवाल आला की नदीचा प्रवाह कमी असतानाचा, भांगाच्या दिवसांतला, तळाच्या थराचा क्षारतेचा आलेख मागा. तो परिशिष्टात असतो, नाहीतर नसतोच.