आधी घोडा, मग माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

सामना संपला. आपला संघ जिंकला. कठड्यापलीकडे आपले अकरा जण एकमेकांच्या अंगावर लोळतायत, आणि आपण मात्र पायरीवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. पाय ऐकतात का? १९८३ साली लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजची शेवटची विकेट पडली तेव्हा ऐकले नव्हते. मोहिंदर अमरनाथ हातात स्टंप घेऊन पळतोय आणि भोवती माणसांचा लोंढा, हे दृश्य तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. मला तर त्या लोंढ्याशिवाय तो विजय आठवतच नाही.

फुटबॉलचं काय? इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याने प्रेक्षकाने परवानगीशिवाय मैदानात पाऊल टाकणं हा गुन्हा आहे. कुणाला धक्का लागला नाही तरी गुन्हा. हे बरोबर की चूक, यावर मला बोलायचंय. पण आधी एक घोडा येऊ दे. या घोड्याला घरचे कंटाळलेत, आता तुमची पाळी.

२८ एप्रिल १९२३. लंडनजवळचं वेम्बलीचं नवंकोरं स्टेडियम. एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. जागा सुमारे सव्वा लाखाची. एवढं मोठं स्टेडियम कुठलं भरतंय, असं आयोजकांना वाटलं, म्हणून बरीचशी तिकिटं दारावरच विकायची ठरली. आणि लोक आले! किती आले? कागदावर १ लाख २६ हजार ४७. पण भिंती चढून, फाटकं ओलांडून घुसलेले धरले तर दोन लाखांच्या पुढे, असा अंदाज सांगतात. पावणेदोनला दारं बंद केली, पण ऐकतो कोण? मागचे रेटतायत, पुढच्यांना मैदानात उतरण्यावाचून गत्यंतर नाही. बघता बघता गवत दिसेना, रेषा दिसेनात, गोलचे खांब तेवढे डोक्यांवर उभे. राजे पाचवे जॉर्ज येऊन बसले, बँडने राष्ट्रगीत वाजवलं, आणि खेळायला जागाच नाही.

मग आला बिली. पांढरा घोडा, पाठीवर पोलीस शिपाई जॉर्ज स्कोरी. बिली खरं तर करड्या रंगाचा, पण कृष्णधवल चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसला आणि जन्मभर पांढराच राहिला. घोडेस्वार पोलीस आणखीही होते, पण नजरेत भरला तो हाच. स्कोरीने काय केलं? लोकांना सांगितलं, हातात हात घाला आणि मागे सरका. बिली नाकाने, शेपटीने, एकेकाला हळूच मागे सारायचा. एक पाऊल, मग दुसरं, थेट बाजूच्या रेषेपर्यंत.

वाखरीचं रिंगण पाहिलंय ना तुम्ही? लाखो वारकरी गोल धरून उभे राहतात आणि मधून अश्व दौडतो. वेम्बलीला उलटं झालं, तिथे घोड्याने माणसांचं रिंगण लावलं. (आणि आपण काय करतो? लग्नाच्या वरातीत बिचाऱ्या घोड्याच्या कानाशी डीजे लावतो. त्या घोड्याला कुणी विचारलंय? असो.)

तीनचा सामना पावणेचारच्या सुमारास सुरू झाला. प्रेक्षक अगदी रेषेला चिकटून उभे. दोन मिनिटांत बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल मारला. तेव्हा वेस्ट हॅमचा ट्रेसडर्न कुठे होता? थ्रो-इन करायला, म्हणजे चेंडू हाताने आत फेकायला बाहेर गेलेला, तो गर्दीत अडकलेला! चेंडू जाळ्यात गेला, आणि जाळ्याला टेकून उभा असलेला एक माणूस त्या तडाख्याने बेशुद्ध पडला. मध्यंतरात खेळाडू मैदानातच थांबले, कारण ड्रेसिंग रूमपर्यंत जायला वाटच नव्हती. बोल्टनने दुसरा गोल मारला, तेव्हा वेस्ट हॅमवाले म्हणाले, चेंडू खांबाला लागून परत आलाय. पंच म्हणाले, छे, आत जाऊन प्रेक्षकांवर आपटून आलाय. बोल्टन २-० ने जिंकलं. शेकडो लोकांना खरचटलं, मुका मार बसला, पण एकही माणूस दगावला नाही.

बराच वेळ गेला की हो या घोड्यात. आता मुद्द्याचं झटपट सांगते.

पुढे गर्दी अडवायला इंग्लंडमध्ये मैदानाभोवती जाळ्या उभ्या राहिल्या. १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात पोलिसांच्या चुकांमुळे एकाच भागात माणसं कोंबली गेली आणि पुढे होती जाळी. ९७ जीव गेले. मैदान दोन हातांवर होतं, पण तिथे पोचता आलं नाही. मग जाळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी तो १९९१ चा कायदा आला. म्हणून मी त्याला सरसकट वाईट म्हणणार नाही. जाळीपेक्षा कायदा केव्हाही बरा.

पण मग मे २०२२ मध्ये नॉटिंगहॅमला काय झालं? तिथला फॉरेस्टचा संघ जिंकला, लोक मैदानात धावले, आणि त्यातल्या एकाने हरलेल्या शेफिल्ड युनायटेडच्या बिली शार्प या खेळाडूला डोक्याने धडक दिली. शार्प त्या दिवशी खेळतही नव्हता, रेषेजवळ उभा होता. धडक देणाऱ्याला २४ आठवड्यांची कैद झाली. दोनच दिवसांनी एव्हर्टनच्या मैदानात क्रिस्टल पॅलेसचे प्रशिक्षक पॅट्रिक व्हिएरा डिवचणाऱ्या प्रेक्षकाला लाथ मारून बसले. दोन्हीकडे नडलं ते एकच: जिंकणारे आत आले तेव्हा हरलेले अजून आतच होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शिट्टीनंतर दहा मिनिटं. पाहुण्या संघाला, पंचांना आत जाऊ द्या, आणि मग फाटक उघडा. पुन्हा सांगते, आधी हरलेले बाहेर, मग जिंकलेले आत. रिंगणातही अश्व दौडून गेल्यावरच त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात ना? आणि मैदानात गेलात तर तो मोबाइल खिशात ठेवा. एका हाताने कुणाला मिठी मारता येते का? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

बिलीवरूनच वेम्बलीबाहेरच्या पुलाला नाव मिळालंय, व्हाइट हॉर्स ब्रिज. स्कोरीला पुढे फुटबॉल संघटनेने अंतिम सामन्यांची तिकिटं पाठवली म्हणतात. तो गेला नाही. त्याला फुटबॉल आवडतच नव्हता.

नमस्कार.