काच हलली म्हणजे बास आला का?

धुळं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग इथं एकमेकांना छेदतात. गाड्यांना तोटा नाही, गाड्या सजवणाऱ्यांनाही नाही. गाडीत स्पीकर बसवून देणाऱ्या या दुकानात गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली: "भाऊ, काच हालाले जोयजे!"

मिस्त्री वॅटचा विषयच काढत नाहीत. टेप घेतात आणि डिकी मोजायला लागतात.

सबवूफर, म्हणजे बासचे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, १२ इंची. तो लाकडी खोक्यात बसवतात. याला आत ५० लिटर मोकळी हवा हवी. मग खोका ५० लिटरचा? इथंच पुष्कळ जण फसतात. समोरची ही उभी फट बघा, ५ सेंटिमीटर रुंद, ३० उंच. हा पोर्ट, खोक्यातल्या हवेची आत-बाहेर करायची वाट. आत काटकोनात वळून तो ६७ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० लिटर त्यानंच खाल्ले. शिवाय १८ मिलिमीटर एमडीएफची (दाबीव लाकडी फळीची) त्याची भिंत, सबवूफरचं मॅग्नेट. खोका आतून ६५ लिटरच्या पुढे जातो.

हा हिशोब ३४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३४ कंपनांच्या खालच्या सुराचा. त्या सुराला पोर्टमधली हवा जोरात मागंपुढं होते, खोक्यातली हवा तिला स्प्रिंगसारखी परत ढकलते. गंमत अशी की तेव्हा सबवूफरचा कोन, म्हणजे समोरचा शंकूसारखा पडदा, जेमतेम हलतो. दणका येतो तो या फटीतून! त्याच्या बरंच खाली गेलं की स्प्रिंगच उरत नाही. कोन मोकाट सुटतो आणि त्याला हलवणाऱ्या तारेच्या कॉइलचा निकाल लागतो. अ‍ॅम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) असतो तो याचसाठी, आणि बहुतेक जण तोच बंद ठेवतात.

आता जागा. ३४ हर्ट्झची लाट १० मीटर लांब, ही हॅचबॅक ४ मीटरच्या आतली. बास कुठून येतोय ते कानाला उमगत नाही, त्यामुळे खोका डिकीत बिनधास्त ठेवता येतो. तोंड मागच्या दाराकडे. फक्त पोर्टपुढं वीतभर जागा सोडायची. दार अगदी टेकलं तर सूर खाली घसरतो. सेडानमध्ये सीटची भिंत आडवी येते, तिथं ही युक्ती तितकी चालत नाही.

मग एकच गाणं लावायचं, एकानं ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, दुसऱ्यानं खोका चार बोटं पुढं-मागं सरकवायचा. जागा पक्की झाली की पट्टीनं आवळायचा. अचानक ब्रेक लागला तर एवढं धूड थेट मागच्या सीटवर येईल.

आणि काच? गिऱ्हाइकाला वाटतं काच हलतेय. बहुतेक वेळा वाजत असते ती मागची नंबर प्लेट. मिस्त्री तिच्यामागं फोमची पट्टी चिकटवतात, पैसे घेत नाहीत.