पहिल्या वर्षाला जजमेंट वाचायला शिकवताना

(विधी महाविद्यालयांतील प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पहिल्या वर्षाच्या मुलांना मदत करायची म्हटलं की आपल्याला आठवतो इंडक्शनचा कार्यक्रम. पाहुण्यांची भाषणं, सत्कार, जेवण. माझी तक्रार जेवणाबद्दल नाही! पण त्या दिवशी मुलांना काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. प्रश्न पडायला लागतात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि तोवर आपण पोर्शनच्या मागे लागलेलो असतो. त्यात सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्या. शेवटच्या फेरीतून आलेला मुलगा वर्गात येऊन बसतो, तेव्हा करार कायद्यातला प्रस्ताव आणि स्वीकृती शिकवून झालेली असते.

या मुलांना बुद्धी कमी पडत नाही. इंग्रजीसुद्धा आपण स्टाफरूममध्ये म्हणतो तितकं आड येत नाही. पदवीपर्यंत 'टीपा लिहा'वर भागलेलं असतं. निकालपत्र कसं वाचायचं आणि त्यातून उत्तर कसं मांडायचं, हे कुणी समोर बसून करून दाखवलेलं नसतं. ते आपणच दाखवायला हवं.

पहिल्या पंधरवड्यात एकच छोटं जजमेंट घ्या. मी लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त घेतो. अलाहाबाद उच्च न्यायालय, 1913. मालकाचा पुतण्या घरातून पळून गेला. पेढीवरच्या मुनीमाला गाडीभाडं देऊन मालकाने हरिद्वारला शोधायला धाडलं. तो गेल्यावर मालकाने पत्रकं काढली: मुलाचा शोध लावेल त्याला 501 रुपये. मुनीमाला मुलगा ऋषिकेशला सापडला. मालकाने खूश होऊन त्याला दोन सुवर्णमुद्रा दिल्या, नंतर आणखी वीस रुपये दिले. मुनीम काही बोलला नाही. पुढे सहाएक महिन्यांनी त्याला नोकरीवरून काढलं, तेव्हा त्याने बक्षिसापैकी 499 रुपयांसाठी दावा लावला. आणि हरला.

इथे थांबायचं. वर्गात गलका होतोच: "सर, हा तर अन्याय आहे!" होऊ द्या. मग फळ्यावर चार रकाने आखा: घडलं काय, कोर्टापुढचा प्रश्न काय, निकाल काय, कारण काय. बहुतेक मुलं कारणाच्या रकान्यात पुन्हा गोष्टच लिहितात. ते खोडून काढायला लावा. ज्या प्रस्तावाची माहितीच नाही तो स्वीकारता येत नाही, एवढं एक वाक्य मुलांच्या तोंडून यायला कधीकधी अख्खा तास जातो. जाऊ द्या. मग विचारायचं, पत्रक वाचून तो शोधायला निघाला असता तर? एक जण म्हणतो, मग पैसे मिळायलाच हवेत. मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, "पण शोधणं हे त्याचं कामच होतं ना? मालकाने त्यासाठीच पाठवलं होतं." ती मुलगी त्या दिवशी वकिली शिकायला लागली असं समजा.

हा खल मराठीत चालू द्या. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, पण आपल्या राज्यातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि आपली बरीच मुलं तिथेच उभी राहणार आहेत. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद असेल तर तो आधी टेबलावर आणा. चर्चा झाली की त्याच जजमेंटवर एक पान लिहून घ्या, मग ते मराठीत असो की इंग्रजीत. सगळी पानं तपासायला वेळ नाही, मान्य. दहा तपासा, वर्गात वाचून दाखवा. बाकीची मुलं एकमेकांची तपासतील. मार्क मात्र देऊ नका.

सध्या आणखी एक घोळ आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं. पण मुलांच्या हातात सीनियरांच्या जुन्या झेरॉक्स नोट्स, आणि नावाजलेले निवाडे सगळे जुन्या कलमांखालचे. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आपण छापून द्यावा, आणि निवाडा शिकवताना दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत.

हजेरीबद्दल थोडं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे 70 टक्के लागते. कमी हजेरीची यादी आपण लावतो परीक्षेच्या तोंडावर, म्हणजे काही करण्याजोगं उरत नाही तेव्हा. ती सहाव्या आठवड्यात काढा आणि मुलाला बोलावून विचारा. रात्रपाळी असते, एसटीची वेळ जुळत नसते, कुठे खोलीचं भाडं थकलेलं असतं. सगळं आपल्या हातात नाही, पण पहिला तास अर्धा तास पुढे ढकलता येतो.

आणि केटी लागलेला, म्हणजे एखादा विषय राहिलेला मुलगा. निकाल येतो तेव्हा पुढचं सेमिस्टर बरंच सरलेलं असतं, तो कुणाला तोंड दाखवत नाही. त्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावा आणि त्याच्यासोबत बसून ती वाचा. शुल्क कॉलेजने भरावं. रक्कम किरकोळ असते, पण पैशापायी काही मुलं अर्जच करत नाहीत.