नावाने उघडणारं खातं

[दृश्य: इंदूर, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट. शटर वर जातं, देवापुढे उदबत्ती, मग कॉम्प्युटरचा पडदा.]

पडद्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं. नावे-जमा, रोकड, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची जुळवणी), ताळेबंद... इंदुरातले मराठी हिशेबनीस एकेकाळी जे लाल बासनातल्या वह्यांत लिहीत, ते आता इथे लिहितात. पण वहीची एक सवय सुटलेली नाही: खातं नावाने ओळखायचं. ती सुटली नाही, कारण टॅली बनवणाऱ्या भरत गोएंका यांनी ती सुटू दिली नाही.

[दृश्य: जुना कॉम्प्युटर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.]

भरत यांचे वडील श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. स्वतःच्या व्यवसायाचा हिशेब नीट सांभाळेल असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी ते काम मुलावर सोपवलं. भरत गणिताचे पदवीधर. १९८६ साली बाप-लेकांनी काम सुरू केलं. एमएस-डॉसवर चालणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचं नाव होतं ‘प्युट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट’, आणि त्यात हिशेबाची मूलभूत कामंच होत. १९९१मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली, १९९९मध्ये तिचं नाव टॅली सोल्युशन्स झालं.

खरा विषय मात्र कोडचा आहे. त्या काळच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला एक आकडा, म्हणजे कोड, असे. समजा, कुलकर्णी ट्रेडर्स म्हणजे १०४२. हिशेबनिसाने यादी शेजारी ठेवायची आणि आकडा टाकायचा. १०४२ऐवजी १०२४ पडला की रक्कम भलत्याच्याच नावे, आणि तेरीज तरीही जुळलेली! गोएंकांनी कोड काढूनच टाकले. नावाची पहिली अक्षरं टाइप करा, यादी समोर येते. खातं नसेल तर व्हाउचर (व्यवहाराच्या नोंदीचा फॉर्म) न सोडता ऑल्ट आणि सी दाबा, तिथेच नवं खातं उघडा.

व्हाउचरसाठी एकेक कळ ठरलेली: एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. कंट्रोल आणि ए दाबून नोंद स्वीकारली की खतावणी (खात्यावार नोंद), तेरीज आणि ताळेबंद त्याच क्षणी बदलतात. कीर्दीवरून, म्हणजे रोजच्या नोंदवहीवरून, खतावणी करायला रात्र जागवायची, हा प्रकारच संपला. आमच्या मते गोएंकांचं सर्वांत मोठं काम हेच. हिशेब जाणणाऱ्याला कॉम्प्युटर शिकण्याआधीच कॉम्प्युटर वापरता आला.

[दृश्य: सियागंजातली पेढी. कीबोर्डवर बोटं, पडद्यावर खात्यांची यादी.]

आता चुका कुठे होतात, ते पाहू. नावच ओळख असल्यामुळे ‘कुलकर्णी ट्रेडर्स’ आणि ‘कुलकर्णी ट्रेडर’ ही दोन वेगळी खाती होतात. विक्री एकात, वसुली दुसऱ्यात. एकीकडे येणं दिसतं, दुसरीकडे देणं, आणि पार्टीला विनाकारण तगाद्याचा फोन जातो. म्हणून नवं खातं उघडण्याआधी यादीत मधलं एखादं अक्षर टाकून शोधावं.

दुसरी चूक ग्रुपची. प्रत्येक खातं एखाद्या ग्रुपमध्ये, म्हणजे गटात, टाकायचं असतं; टॅलीत असे २८ ग्रुप तयार मिळतात. आवक मालाचं भाडं डायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये (मालाशी थेट जोडलेल्या खर्चात) हवं. ते इनडायरेक्टमध्ये (इतर खर्चात) गेलं, तर ढोबळ नफा फुगतो. निव्वळ नफा तोच राहतो, तेरीजही जुळते, त्यामुळे चूक ऑडिटपर्यंत लपून बसते.

१ एप्रिल २००६ रोजी मध्य प्रदेशात व्हॅट हा राज्याचा विक्रीवरचा कर आला, १ जुलै २०१७ रोजी देशभर जीएसटी. आता पार्टीच्या खात्यातलं राज्य चुकलं तर करच चुकतो. एक लाखाचं कापड, कर ५ टक्के. भोपाळला विकलं तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २,५०० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) २,५००. तेच जळगावला पाठवलं तर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) ५,०००. खात्री करायची असेल तर जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहा: मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७.

भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी टॅलीप्राइम ही टॅलीची नवी आवृत्ती आली.

टॅलीवरचा जुना आक्षेप असा की मागच्या तारखेची नोंद सहज बदलता येते. वहीत खाडाखोड दिसायची, इथे काहीच मागमूस राहत नसे. छोट्या दुकानदाराला ही मोकळीक सोयीची होती, ऑडिटरला मात्र ती डोकेदुखी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशा प्रत्येक बदलाचा माग ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं, आणि टॅलीत एडिट लॉग आला. नोंद कोणी बदलली, कधी बदलली, आधी काय होतं, सगळं त्यात राहतं.

[दृश्य: संध्याकाळ. दुकानात आवराआवर.]

दुकान बंद करण्याआधी ऑल्ट आणि वाय दाबायचं, बॅकअप निवडायचा, आणि तो दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा. चालू डेटा पेन ड्राइव्हवर ठेवून काम करू नये. नोंद होत असताना ड्राइव्ह निघाला किंवा वीज गेली की फाइल बिघडते. आणि टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करण्याच्या टॅलीतल्या सोयीचा, पासवर्ड लावला असेल, तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. तो विसरला तर डेटा उघडत नाही, टॅलीवाल्यांनाही उघडता येत नाही.

[दृश्य: पडद्यावर बॅकअप पूर्ण. शटर खाली येतं.]