लवणासुर, लिंगो आणि खरेपणा

नमस्कार श्रोतेहो.

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला शाळेची सहल गेली की एखादं पोरगं हमखास विचारतं, "सर, राक्षस खरा का उल्का खरी?" गोष्ट अशी, की लवणासुर नावाचा राक्षस इथं जमिनीखाली दडून बसायचा. विष्णूनं दैत्यसूदन होऊन पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी त्याचं रक्त, त्यातला खार त्याचं मांस. भूशास्त्र सांगतं, काळ्या बेसाल्टवर उल्का आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं.

विवर कशानं पडलं, याचं उत्तर उल्का हेच. त्यात मला तडजोड नको. आपल्या पूर्वजांना उल्केचं सारं आधीच माहीत होतं, असं ओढूनताणून सांगणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. त्यानं विज्ञानाचं भलं होत नाही, नि गोष्टीचा जीव जातो. पण काठावर उभं राहून बघा. वर धार नावाच्या झऱ्याचं पाणी लोक ओंजळीनं पितात, आणि खाली उतरलं की तळ्याचं पाणी तोंडात धरवत नाही. हे नवल ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलं, त्यांनी ते राक्षसाच्या रूपानं पोरासोरांच्याही ध्यानात ठेवलं.

याहून मोलाची गोष्ट मला गोंदिया जिल्ह्यात सापडते. सालेकसा तालुक्यात कचारगडची भलीमोठी गुहा आहे. गोंड मंडळी सांगतात, कली कंकालीची पोरं इथं कोंडली होती, तोंडाशी शिळा होती. हिरासुका पाटालीरनं वाद्य वाजवलं, पोरांच्या अंगात बळ आलं, शिळा सरली. पोरं सुटली, वाजवणारा मात्र शिळेखाली गेला. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलतो. पुढं गोंडांचा आद्य गुरू पहांदी पारी कुपार लिंगो यानं त्यांना सगे, म्हणजे देवांच्या संख्येवरून पाडलेले गट, वाटून दिले: चार देवांचे, पाच देवांचे, सहा, सात. एका सग्यात सोयरीक होत नाही. गोत्रागोत्राचं झाड वेगळं, प्राणी वेगळा, आणि आपल्याला त्याला हात लावायचा नाही.

यातलं खरं गुहेचे दगड तपासून कळायचं नाही. ते सोयरिकीच्या बैठकीत कळतं, जिथं आधी देव किती ते विचारतात. कुऱ्हाड घेऊन रानात गेलेला माणूस आपल्या गोत्राच्या झाडाला वळसा घालून जातो, तिथं कळतं. कायद्याचं पुस्तक नसताना नात्यांची शिस्त नि जंगलाची राखण या एका कथेनं पेलली. आणि आपण कुणाच्या जिवावर मोकळे झालो, हेही तिनं विसरू दिलं नाही. मला तर हाच तिचा गाभा वाटतो.

माघ पौर्णिमेला कचारगडला मोठी जत्रा भरते. जमेल त्यांनी जावं. आणि ज्यांच्या घरी ही कथा गोंडीत गाणारं कुणी असेल, त्यांनी त्याआधीच त्यांच्याजवळ निवांत बसावं, मोबाइलवर अख्खं गाणं टिपून घ्यावं. मराठीतल्या चार ओळींच्या सारांशावर भागवू नका. कुठल्या गोत्राचं झाड कोणतं, हे म्हाताऱ्या माणसांकडून नीट विचारून घ्या, आणि शेजारी पोरांनाही बसवा.

नमस्कार.